किटलीवर गेलेला माणूस हजर नसतो

इंग्लंडातल्या आमच्या मजूर पक्षाच्या स्केलविक शाखेत तीसेक वर्षं एकच बाई चिटणीस आहे, आणि तिचं स्वतःचं मत काय हे शाखेतल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. तिचं नाव ॲव्हरिल गारबट. मी बर्ट, तिचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि तीही अशी की तिकडे तिचा नवरा डेस्मंड शिंकला की इकडून मी "जपून रे" म्हणतो. शिवाय मी शाखेचा खजिनदार. खजिना म्हणजे बिस्किटांचा एक डबा, आणि त्यात बहुतेक वेळा बिस्किटंच असतात. जन्मभर बस चालवली. नजर रस्त्यावर ठेवून मागच्यांचं बोलणं ऐकायची सवय तेव्हापासूनची आहे. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं भिंतीतून आलेलं आहे, पण खरं आहे.

ॲव्हरिल शाळा सुटल्या सुटल्या धक्क्यावर मासे सोलायला लागली. थंडगार पाण्यात हात घालून दिवसभर कॉड आणि हॅडकचे काटे काढायचे. माशाचं मांस फाटू न देता काटा काढणं सगळ्यांना जमत नाही; तिला पहिल्याच महिन्यात जमलं म्हणतात. पुढे माशांच्या गाड्या कमी झाल्या, धक्का ओस पडला, आणि ती शाखेत आली. सभा चालवणं आणि मासा सोलणं यात तिला फारसा फरक वाटला नसावा.

आमच्याकडे सभेची अध्यक्षाही चिटणीसच असते; तिची हातोटी सांगतो. आमच्या नियमाप्रमाणे दहा माणसं हजर असली तरच ठराव करता येतो. ठराव असा निघाला की जो पास झाला तरी निम्मे लोक रुसणार आणि पडला तरी निम्मे रुसणार, की ॲव्हरिल मान वर करून खोलीभर नजर फिरवायची. कोण हजर, कोण गैरहजर, हे तिला कागद न बघता कळायचं. मग अगदी सहज म्हणायची, "नोरीन, जरा किटली बघतेस का गं?" नोरीन चहाला उठून शेजारच्या खोलीत जायची, आणि इकडे नऊ उरायचे. कोरम तुटला, ठराव पुढच्या महिन्यावर. पुढच्या महिन्यापर्यंत निम्म्यांचा राग ओसरायचा आणि निम्म्यांना ठराव कशाचा होता तेच आठवायचं नाही. सुंठीवाचून खोकला जायचा.

सेल्विन पीक नावाचे आमचे एक सभासद आहेत. निवृत्त नगरपालिका कारकून. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ आहे आणि त्याचा त्यांना अजून एकदाही उपयोग झालेला नाही. त्यांनी एकदा उभं राहून हरकत घेतली, की नोरीन शेजारच्या खोलीतच आहे, तिच्या चहाचा आवाजही येतो आहे, तेव्हा ती हजर धरावी. ॲव्हरिलने निर्णय दिला, "किटलीवर गेलेला माणूस हजर नसतो." इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं. तेव्हापासून तो आमचा कायदा आहे. देशाची राज्यघटना लिहिलेली नाही म्हणतात. आमच्या शाखेची निदान एवढी एक ओळ तरी आहे.

एवढी हुशार बाई, पण तिच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर तिची हुशारी साफ उताणी पडली.

तिला एक भाऊ आहे, विल्फ ट्रॅनमर. आमच्याच गल्लीच्या टोकाला एकटा राहतो. तरुणपणी आइसलंडच्या समुद्रावर मासेमारीला जायचा, बोटीवर खलाशी. बोटी गेल्या, कामं गेली, विल्फ मात्र अजून बोटीवरच आहे असं वाटावं असा चालतो. आणि डेस्मंड, ॲव्हरिलचा नवरा, माशांच्या कारखान्यात चाळीस वर्षं होता, कामगारांचा म्होरक्या. तिथे मासा नॉर्वेहून आणि आइसलंडहून गाड्या भरभरून यायचा. म्हणून युरोपच्या संघातून बाहेर पडायचं का यावर सार्वमत आलं तेव्हा विल्फने 'बाहेर' म्हटलं आणि डेस्मंडने 'आत'. हे व्हायचंच होतं. तोवर तीस वर्षं दोघे दर रविवारी एकाच टेबलावर रोस्ट, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस, खायचे, फुटबॉलवरून भांडायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचे.

सार्वमतानंतरच्या पहिल्या रविवारी डेस्मंडने मांसाला लावायच्या मोहरीची बाटली विल्फपुढे धरली आणि म्हणाला, "मोहरी घे. फ्रेंच आहे हं. मतदान घेऊ या का आधी?"

एवढंच म्हणाला. मी भिंतीपलीकडून हसलो, हे कबूल करतो. विल्फ हसला नाही. त्याने काटा-सुरी ताटात ठेवली, उठला, आणि टोपी खुंटीवर विसरून निघून गेला. साडेचार वर्षं तो त्या घरात आला नाही. ॲव्हरिलने मध्ये पडून पाहिलं. नवऱ्याला म्हणाली माफी माग, तो म्हणाला, मी मोहरी देऊ केली, त्यात माफी कसली. भावाला म्हणाली सोडून दे, तो म्हणाला, मोहरीचं काही नाही गं, पण तो हसला कसा ते बघितलंस का. इथे किटली चढवून भागणार नव्हतं.

मग महामारी आली. घराबाहेर पडायचं नाही, कोणाच्या घरी जायचं नाही. पुढे सरकारने थोडी सूट दिली: एकटा राहणारा माणूस कुठल्याही एका घराशी स्वतःला जोडून घेऊ शकतो, त्यांच्याकडे जाऊ शकतो, जेवू शकतो. आमच्या गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांनी त्याच दिवशी घरं निवडली. विल्फने निवडलं नाही. बहिणीचं घर म्हणजे डेस्मंडचं घर. तेव्हा ॲव्हरिल दर रविवारी झाकलेलं ताट नेऊन त्याच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवायची आणि मागे सरायची. तो दार उघडून ताट उचलायचा, मान हलवायचा, दार लावायचा. दुसऱ्या दिवशी धुतलेलं ताट तिच्या पायरीवर. सबंध वर्षात त्याच्याशी धड बोललं असेल तर ते दूध टाकणाऱ्याने, आणि दूधवालाही घाईतच असतो. थंडी पडल्यावर विल्फ बारीक दिसायला लागला. ॲव्हरिल मला एकदा म्हणाली, "बर्ट, तो तिथे एकटा मरेल आणि मला पुढच्या रविवारपर्यंत कळणार नाही." ती असं कधी बोलत नाही. मी हवेबद्दल काहीतरी बोललो.

तर नाताळच्या आदल्या दिवशी सरकारने जाहीर केलं की युरोपशी व्यापाराचा करार झाला. काडीमोड आधीच झाला होता. ही भांड्यांची वाटणी. तीस तारखेला संसदेत मतदान. वाचायला कागद बाराशे पानांहून जास्त, आणि मध्ये नाताळ. आमच्या खासदार फिलिपा थ्वेट, पोरगी चांगली आहे पण रात्री झोपत नाही. तिने ॲव्हरिलला फोन केला. ॲव्हरिल फोन कानाला न लावता हातात धरून मोठ्याने बोलते, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"ॲव्हरिल, वरून आदेश आहे की बाजूने मत द्या. नाहीतर करारच नाही, आणि करार नसला तर पहिल्या तारखेला बंदरात गाड्या अडकतील. पण बाजूने दिलं तर उद्या लोक म्हणतील, तुम्हीही हात वर केलात, आता ओरडू नका. विरोधात दिलं तर म्हणतील, देश बुडवायला निघाले. आणि घरी बसले तर म्हणतील, याच्यासाठी पगार देतो का?"

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," ॲव्हरिल म्हणाली.

"म्हणूनच मला सभासदांचं ऐकायचंय. मंगळवारी सभा लावाल?"

"लावते. पण पोरी, तू जरा जेवून घे."

बातमी गल्लीत पसरली. विल्फने जाहीर केलं की करार अर्धवट आहे, आपल्या समुद्रातले मासे तर सरळ त्यांना विकून टाकलेत, तरीही पास झालाच पाहिजे, एकदाचं दार लागू दे. शाखेने विरोधात ठराव केला तर तो सभासदपत्र फाडणार. डेस्मंडने जाहीर केलं की कारखान्याच्या माशाला आता ढीगभर कागद लागणार आहेत, आपला पक्ष संसदेत विरोधात बसतो, त्याचं काम विरोध करणं आहे, आणि शाखेने बाजूने ठराव केला तर तोही फाडणार. दोघांनीही हे मला सांगितलं, कारण मला सांगितलं की ॲव्हरिलला कळतं. म्हणजे ठराव कुठलाही झाला तरी दोघांतला एक शाखेतून जाणार, आणि त्या घराच्या टेबलावर पुन्हा तीन माणसं बसणं कायमचं संपणार. ॲव्हरिलला करारापेक्षा याचीच धास्ती होती, आणि मी तिला दोष देत नाही.

संसदेत एक जुनी रीत आहे. इकडच्या एकाला जायला जमत नसेल तर तिकडचाही एक ठरवून घरी बसतो. बेरीज तीच राहते. त्याला जोडी लावणं म्हणतात. रविवारी ॲव्हरिल ताट घेऊन विल्फच्या अंगणापाशी गेली. मी माझा कचऱ्याचा डबा बाहेर काढत होतो. डबा तसा रिकामाच होता.

"विल्फ, मंगळवारच्या सभेला तू येऊ नकोस," ती म्हणाली.

"का? मला मत नाही?"

"आहे. डेसलाही आहे. तू नाही, तो नाही. दोघांची जोडी लावते."

"त्याच्याशी? त्यापेक्षा खेकड्याशी लाव."

"खेकडा वर्गणी भरत नाही."

विल्फने दार अर्धं उघडं ठेवून विचार केला. "सभा कॉम्प्युटरवर ना? आणि कॉम्प्युटर तुझ्या घरात. तू पुढच्या खोलीत अध्यक्षीण होऊन बसणार, आणि हा पठ्ठ्या संडासात फोन घेऊन बसून मत देणार. ओळखतो मी त्याला. त्याचा भरवसा नाही."

"मग ये आणि त्याच्यासमोर बस. लक्ष ठेव त्याच्यावर."

"तुझ्या घरी?"

"नियमात बसतं. तू एकटा राहतोस. एक घर निवडायचा हक्क आहे तुला, सहा महिने झाले तसाच पडलाय."

विल्फने ताट उचललं आणि दार लावलं.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे डेस्मंडचा आवाज चढला. "जोडी? तुझ्या भावाशी? तो 'हो' म्हणेल आणि घरी बसून फोनवरून हात वर करेल. त्याला अंगठ्याचं चित्र पाठवता येतं, मी बघितलंय."

"मग त्याला इथेच बसवते," ॲव्हरिल म्हणाली, "तुझ्या डोळ्यांसमोर."

डेस्मंडची खुर्ची दोनदा करकरली. मग डेस्मंड म्हणाला, "माझी नजर हलणार नाही त्याच्यावरून."

"नकोच हलू दे," ती म्हणाली.

मंगळवारी विल्फ आला. अंगात कोट, दाढी केलेली, चेहरा अंत्यविधीला आल्यासारखा. मी पडद्याआडून बघत होतो. दार ॲव्हरिलने उघडलं, त्याने पाय पुसले, इतके पुसले की पायपुसणं झिजलं असेल. ॲव्हरिलने दोघांना स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं, दोघांचे फोन काढून घेऊन पिठाच्या डब्यावर ठेवले, आणि ओव्हनकडे बोट दाखवलं. आत रोस्ट होतंच, आणि वरच्या जाळीवर यॉर्कशायर पुडिंगचं पीठ नुकतंच गेलं होतं. ही पुडिंगं म्हणजे पिठाच्या वाट्या; आचेने फुगतात, पण मध्येच ओव्हन उघडला की बसतात, आणि बसली की पुन्हा फुगत नाहीत.

"फुगली की काढा. तोवर उघडू नका. मी सभेत आहे, मला हाक मारायची नाही." असं सांगून ती पुढच्या खोलीत गेली.

या दोन खोल्यांमध्ये भिंतीत एक खिडकी आहे, ताटं पलीकडे सरकवायची. जुन्या घरांत असते. त्या दिवशी ती उघडी होती.

सात वाजता आम्ही सगळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलो. मोजले तर नऊ. फिलिपाही होती, पण ती दुसऱ्या गावची सभासद, तिला धरता येत नाही. सेल्विन पीक मागे पुस्तकांची फळी लावून बसले होते. ते लगेच म्हणाले, "अध्यक्षा, कोरम नाही. ठराव करता येणार नाही."

"मग चर्चा करू," ॲव्हरिल म्हणाली. "सुरुवात कोण करतंय?"

कोणी करेना. नाताळनंतरचं अपचन, आणि समोर बाराशे पानं. तेवढ्यात ॲव्हरिलच्या चौकटीतून, तिच्या मागून कुठून तरी, डेस्मंडचा आवाज आला.

"उघडून बघू या का जरा?"

"नाही," विल्फचा आवाज. "एकदा बंद केलं की बंद."

"नुसतं बघायचंय. नीट होतंय का ते."

"साडेचार वर्षं तुला तेच करायचंय. लोकांनी सांगितलं बंद, तर म्हणे पुन्हा एकदा विचारू या. उघडलंस की बसलं."

"आणि आत जळलं तर? तुला वास येत नाही?"

"निवडणुकीत पंतप्रधान म्हणालेच होते, करार तयार आहे, फक्त ओव्हनमध्ये सरकवायचा."

"तुझा त्यांच्यावर विश्वास होता?"

"नव्हता. तुझ्यावरही नव्हता."

पडद्यावर फिलिपासकट दहा चेहरे, आणि सगळे कान टवकारलेले. नोरीनने चहाचा कप तोंडाजवळ धरला होता आणि पीत नव्हती. ॲव्हरिल समोर बघत होती, अगदी शांत, जणू तिला ऐकूच येत नाही.

"तुझी बोट ब्रसेल्सने नाही घालवली," डेस्मंड म्हणाला. "आइसलंडने घालवली, आपला समुद्र परक्या बोटींना बंद करून. आणि आइसलंड युरोपच्या संघात कधी नव्हतंच."

"मला माहीत आहे," विल्फ म्हणाला.

"माहीत आहे?"

"मी तिथे होतो ना. त्यांच्या जहाजाने आमचं जाळं कापलं तेव्हा मी दोर धरून उभा होतो. पण आइसलंडविरुद्ध मत द्यायला कोणी कागद दिला नाही मला. जो दिला त्यावर दिलं."

यावर डेस्मंड गप्प बसला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"करार काही कामाचा नाही," विल्फ पुढे म्हणाला. "माशाचं वाटोळं केलंय."

"कारखान्याचंही."

"टाकाऊ आहे."

"टाकाऊच आहे."

साडेचार वर्षांतलं हे दोघांचं पहिलं एकमत. तेवढ्यात सेल्विन पीक यांनी हात वर केला. खराखुरा हात, पडद्यावरचा नव्हे. "अध्यक्षा, हरकतीचा मुद्दा. दोन सभासद याच घरात आहेत, आपण सगळे त्यांचं बोलणं ऐकतो आहोत, आणि खरं तर आत्तापर्यंतची सगळी चर्चा त्यांनीच केली आहे. ते हजर धरले तर आपण अकरा होतो. ठराव घेता येईल."

फिलिपा पुढे सरकली. मीही सरकलो. सेल्विन यांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

ॲव्हरिलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सेल्विन, ते दोघे कुठे आहेत?"

"तुमच्या स्वयंपाकघरात."

"आणि स्वयंपाकघरात काय असतं?"

सेल्विन यांच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला आणि त्यांना तो आवडत नव्हता. "किटली," ते म्हणाले.

"इतिवृत्तात आहे," ॲव्हरिल म्हणाली. "पुढे."

पुढे काही झालं नाही, कारण आतून डेस्मंड ओरडला, "धूर!" आणि पाठोपाठ खुर्च्या पडल्याचा आवाज. "फडकं कुठंय? फडकं!" "हे घे, हे!" ओव्हनचं दार आपटलं, पत्रा कशावर तरी आदळला, कोणीतरी बोट तोंडात घातल्यासारखं कण्हलं. 

"ही टोपी," विल्फ म्हणाला.

फडकं म्हणून डेस्मंडने खुंटीवरून तीच ओढून दिली असावी.

"माझी टोपी आहे ही. अजून खुंटीवरच होती?"

"हो."

"टाकून का नाही दिलीस?"

डेस्मंड म्हणाला, "माझी नव्हती."

ॲव्हरिल हलली नाही. नोरीनने कप खाली ठेवला आणि नाक शिंकरलं, आणि त्या रात्री कोणी कोणाला आवाज बंद करायला सांगितलं नाही. मग ताटांचा आवाज आला, आणि विल्फचं बोलणं, तोंडात घास असल्यासारखं. "कडेला काळी झालीत. पण फुगलीत."

"उघडली नाहीत म्हणून."

"तेच म्हणत होतो मी." थोड्या वेळाने विल्फच म्हणाला, "मोहरी आहे का?"

"इंग्लिश आहे."

"दुसरी नाही?"

"ती फळीवर मागे आहे."

"काढ की मग."

सभा संपवावी असं कोणीतरी सुचवलं. आम्ही कुठलाही ठराव केला नाही, कोणीही सभासदपत्र फाडलं नाही. एकेक चौकट विझली. मला पडदा बंद करता येत नाही म्हणून मी राहिलो. फिलिपाही राहिली होती.

"ॲव्हरिल, मी उद्या काय करू?" तिने विचारलं. "सभासदांचं नाही, तुमचं सांगा."

ॲव्हरिलने सवयीप्रमाणे उठायला हात टेकले. मग पुन्हा बसली. मागे दोघे आता ग्रेव्हीवरून भांडत होते, जुन्या पद्धतीने.

"उद्या पोरं उपाशी राहणार असतील तर भांडं उलथू नकोस," ती म्हणाली. "मत दे बाजूने. पण उठून सांग, की हे आम्ही शिजवलेलं नाही, कच्चं आहे, आणि ज्याने शिजवलं त्यानेच वाढावं आणि त्यानेच निस्तरावं. मग रोज उठून चव काय लागते ते सांगत राहा. घरी बसू नकोस. मी तीस वर्षं लोकांना किटलीवर पाठवतेय, पण खासदाराला नाही पाठवायचं."

फिलिपाने दुसऱ्या दिवशी मत बाजूने दिलं आणि भाषण महामारीमुळे घरूनच, पडद्यावर केलं. शिजवायचं आणि वाढायचं ते वाक्य त्यात होतं, ॲव्हरिलचं नाव नव्हतं. भाषण ऐकून विल्फ म्हणाला, बघा, माझ्या बाजूने मत दिलं. डेस्मंड म्हणाला, मतावर जाऊ नका, भाषण ऐका, सगळं माझं आहे. दोघेही खूश. ॲव्हरिल म्हणाली, पोरगी जेवलेली दिसतेय.

मी तिला नंतर विचारलं, ती मधली खिडकी उघडी कशी राहिली. "वास जायला ठेवली होती," ती म्हणाली. मी म्हटलं, कसला वास, तेव्हा पुडिंगं करपली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बर्ट, चहा घेणार?" म्हणजे मला किटलीवर पाठवलं.

त्या आठवड्यात करार मार्गी लागला, वर्ष बदललं, आणि विल्फवर नजर ठेवायचं किंवा डेस्मंडवर नजर ठेवायचं काही कारण उरलं नाही. मला त्याचीच काळजी होती. जोडी एका सभेपुरती असते. सभा झाली की जोडी सुटली, आणि अशा माणसांना परत एकमेकांपुढे जायला काहीतरी निमित्त लागतं. ॲव्हरिललाही तेच वाटत असणार. शनिवारी तिने ताट झाकायचा कागद काढून ठेवलेला मी पाहिला.

रविवारी दुपारी गारबटांच्या दारावर टकटक झाली. मी खिडकीच्या पडद्यापाशीच होतो. दार डेस्मंडने उघडलं. पायरीवर विल्फ, दाढी केलेला, डोक्यावर एका बाजूने करपलेली टोपी.

"आज सभा नाही," डेस्मंड म्हणाला.

"असं तू म्हणतोस."

"मतदानही नाही कसलं."

"मला काय माहीत? तुझा भरवसा नाही," विल्फ म्हणाला. "मी लक्ष ठेवायला आलोय."

डेस्मंड बाजूला झाला. विल्फने पाय पुसले, आत गेला, आणि टोपी खुंटीवर अडकवली असावी, कारण मला खुंटी करकरल्याचं ऐकू आलं. मग दोन खुर्च्या ओढल्या गेल्या. मी भिंतीला कान लावून थांबलो. स्वयंपाकघरातून ॲव्हरिल मोठ्याने म्हणाली, "ओव्हन उघडू नका कोणी," आणि मग तिसरी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं.